हैबतीची जागा

फार जुन्या काळची ही गोष्ट. एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती आणि मधल्या बेटावर हिरवंगार कुरण होतं. कुरण एक आणि हक्क सांगणारे दोन. काठ्या-कुऱ्हाडी नकोत म्हणून जाणत्यांनी एक रीत घालून दिली होती. दरवर्षी थंडी सरली की दोन्ही गावांनी विटीदांडूचा डाव मांडायचा. ज्यांच्या टोल्यांची लांबी जास्त भरेल, त्यांची गुरं उन्हाळाभर बेटावर चरायची.

दक्षिणेकडचं गाव तीन वर्षं हरत आलं होतं. खेळगडी निवडायचं आणि कुणी कुठं उभं राहायचं ते ठरवायचं काम निंबाजीआबांकडे होतं. गुरांच्या बरगड्या दिसू लागल्या की लोक आबांकडे बघत, आणि आबा मान खाली घालत.

त्या वर्षी आबांनी म्हशी राखणाऱ्या हैबतीला निवडलं. गावात कुजबुज झाली.

"दहांतले सात टोले हुकतात त्याचे!"

"आणि उरलेले तीन?" आबांनी विचारलं. ते तीन टोले बाभळींच्याही पलीकडे जात. आबांनी महिनाभर स्वतः मोजून पाहिलं होतं. हैबतीचे तीन इतरांच्या दहांना भारी होते. निवड चोख होती.

डावाच्या आदल्या दिवशी हैबती आबांकडे आला. अंगानं एवढा दांडगा, पण बोलताना चाचरत होता.

"आबा, झेलायच्या वेळी मला लांब, बांधापाशी उभं करा. माझा डावा डोळा जन्मापासून अधू आहे. वरून येणारी विटी मला नीट दिसत नाही. टोले चुकतात तेही त्यापायीच."

आबा विचारात पडले. हैबतीला समोर पाहूनच पलीकडच्यांचे हात कापतील, असा त्यांचा हिशेब होता. शिवाय, ज्याच्यासाठी गावाशी भांडलो त्यालाच कोपऱ्यात उभं केलं, तर लोक हसतील.

"एवढा पहाडासारखा गडी आणि विटीला भितोस?" ते म्हणाले. "तू पुढंच उभा राहायचं."

हैबतीनं मान डोलावली. थोरांपुढे दुसऱ्यांदा बोलायची त्याची रीत नव्हती.

डाव सुरू झाला. दक्षिणेचं गाव आधी खेळलं. हैबतीचे दोन टोले हुकले. तिसरा असा बसला की विटी शोधायलाच चौघं गेले. दांडूनं अंतर मोजता मोजता मोजणारा दमला. लोक नाचू लागले. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग पलीकडचे खेळले. एकेक गडी बाद होत गेला, पण त्यांची बेरीजही वाढत गेली. उन्हं कलली तेव्हा त्यांचा शेवटचा गडी उरला होता, एक किडकिडीत म्हातारा. तो झेलबाद झाला की कुरण आबांच्या गावाचं.

म्हाताऱ्यानं विटी उडवली. टोला हलका होता. विटी उंच गेली आणि सरळ हैबतीकडे आली. समोर सूर्य होता. हैबतीनं दोन्ही हात वर केले, पण हात एकीकडे राहिले आणि विटी दुसरीकडे आली. ती त्याच्या उजव्या, चांगल्या डोळ्यावर बसली.

तो ओरडलाही नाही, नुसता खाली बसला. गाव त्याच्याकडे धावलं. रीतीप्रमाणे डाव थांबत नसे. म्हातारा छोटे छोटे टोले मारत राहिला आणि सूर्य बुडायच्या आत पलीकडचं गाव पुढं गेलं.

उन्हाळ्यात गुरं चाऱ्यासाठी लांबच्या मुलखात हाकलावी लागली. निम्मी परत आली नाहीत. हैबतीचा उजवा डोळा कायमचा गेला. डाव्यानं त्याला उजेड आणि सावली एवढंच कळे.

आबा त्याच्या घरी गेले. हैबतीच्या आईनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला.

"आबा," ती म्हणाली, "माझं पोर तुम्हाला खोटं सांगत नव्हतं."

"नव्हतं, माय. मलाच खरं ऐकून घ्यायचं नव्हतं."

तांब्या तसाच ठेवून आबा उठले. खेळगडी निवडायचं काम त्यांनी त्याच दिवशी सोडलं. गाव पुढेही दरवर्षी खेळत राहिलं, पण बाभळींपलीकडे टोला मारणारा पुन्हा कुणी मिळाला नाही.

बोध एवढाच: ज्याचं बळ आपल्याला हवं, त्याची उणीवही ऐकून घ्यावी, तरच त्याची खरी जागा कळते.