बांड्या कालवडीचा निवाडा

उदगीरकडच्या एका गावात केवळाबाईची पांढरी गाय गायरानात व्याली आणि तिला काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, बांडी कालवड झाली. त्याच दिवशी, तिथंच, देशमुखांच्या बांड्या गाईला मेलेलं वासरू झालं. देशमुखांनी गडी धाडून जिवंत कालवड आपल्या दारात आणून बांधली.

केवळाबाई तडक चावडीवर गेली. निवाडा करायलाही देशमुखच बसले होते.

"पांढरीच्या पोटी बांडं येतं होय?" ते म्हणाले. "ज्या गाईचा रंग, तिचंच वासरू. मेलं ते तुझं."

"हा निवाडा सगळ्या जनावरांना लागू का, मालक?"

"सगळ्यांना. माझ्या तोंडून एकदा निघालं की निघालं."

केवळाबाईनं पदर खोचला. "मग तुमच्या दारचा पांढराशुभ्र वळू सोडा. चार वर्षांमागं तो तुमच्या ह्याच बांड्या गाईला झाला, सगळ्या गावानं खरवस खाल्ला. पण तेव्हाही गावात पांढरी गाय एकच होती, माझी. कालवड ठेवा, वळू मी नेते."

त्या वळूसाठी लोक लांबून गाई घेऊन येत. देशमुख घाईनं म्हणाले, "अगं, तो त्याच्या आजीवर गेलाय. आजी पांढरी होती."

"माझ्या कालवडीलाही आजी होतीच की, मालक," केवळाबाई म्हणाली. "ती बांडी होती."

चावडीवरची माणसं तोंडावर उपरणं धरून हसली. देशमुखांनी गड्याला कालवड सोडायला सांगितलं. केवळाबाईनं ती उचलून घरी नेली, तेव्हा हंबरून घसा बसलेली पांढरी गाय तिला चाटता चाटता पान्हावली.