अकरा फोन आणि एक कुलूप

एका तालुक्याच्या गावी दिनकरशेठ मुळे नावाच्या गृहस्थांची रक्त-थुंकी तपासायची लॅब होती. लॅबची माणसं घरोघर जाऊन नमुने घेत. त्यासाठी शेठनी अकरा मोबाइल विकत घेतले होते. कुणाचा नमुना घेतला, काय तपासलं, काय निघालं, सगळं त्या फोनांत असे. गावातल्या निम्म्या घरांची दुखणी त्यात होती म्हणा ना.

शेठचा या फोनांवर भारी जीव. प्रत्येकाच्या पाठीवर त्यांनी नंबर कोरून घेतला होता. काचेवर आणखी एक काच, वर रबरी कव्हर. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला माणसांनी फोन आणून द्यायचे, वहीत सही करायची. मग शेठ स्वतः मोजायचे, लोखंडी कपाटात ठेवायचे आणि किल्ली कमरेला लावून घरी जायचे. सात वर्षांत एक फोन हरवला नव्हता, हे ते लग्नकार्यातसुद्धा सांगत. फोनच्या आत काय आहे, ते मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पाहावंसं वाटलंही नव्हतं.

ती काळजी वृंदाची. वृंदा नमुने घ्यायला जाई, नऊ नंबरचा फोन तिच्याकडे असे. कॉम्प्युटर तिला चांगला येई, म्हणून सगळ्या फोनांची देखभालही शेठनी तिच्याच गळ्यात घातली होती. तिने प्रत्येक फोनला वेगळं कुलूप घातलं. ज्याचा आकडा त्यालाच ठाऊक. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून सगळ्या फोनांची कुलपं लावता येत, काढता येत. एखादा फोन हरवलाच, तर त्यातली माहिती तिथूनच पुसूनही टाकता येई. शेठना ही सगळी नसती कटकट वाटे. पण फुकटात होत होतं, म्हणून चालू दिलं.

कोष्टी गल्लीत कांचन नावाची मुलगी राहत होती. ब्लाउज शिवून घर चालवत होती. दोन वर्षांपूर्वी तिला खोकला लागला आणि डॉक्टरांनी थुंकी तपासायला सांगितली. नमुना घ्यायला वृंदाच गेली. तपासणीत क्षय निघाला. कांचनची आई पदरात तोंड खुपसून रडली आणि वृंदाचे दोन्ही हात धरून म्हणाली, “पोरीचं लग्न व्हायचंय, बाई.”

वृंदा म्हणाली, “मावशी, माझ्या फोनला कुलूप आहे. माझ्याशिवाय ते कुणाला उघडत नाही.”

कांचनने सहा महिने नेमाने गोळ्या घेतल्या. पुन्हा तपासणी झाली. आजार गेला होता. दोन्ही रिपोर्ट नऊ नंबरच्या फोनात राहिले, जुना वर, नवा खाली.

यंदा श्रावणात कांचनचा साखरपुडा झाला. मुलगा शाळेत मास्तर, स्वभावाने सरळ. एक दिवस कांचन वृंदाला म्हणाली, “दसऱ्याला तो सोनं द्यायला घरी येणार आहे. तेव्हा मीच त्याला सगळं सांगणार. नंतर कुठून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे. माझ्या तोंडून ऐकलं तर तो समजून घेईल.” वृंदाला तिचं फार कौतुक वाटलं. असं धाडस आपल्याला झालं नसतं, असंही तिच्या मनात आलं. ते खरंच होतं, हे पुढे दिसलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा करायची. सुतार आपला रंधा मांडतो, डॉक्टर नळी मांडतो. शेठच्या लॅबमध्ये फोन मांडायचे. यंदा शेठच्या डोक्यात वेगळंच आलं. अकराच्या अकरा फोन ओळीत, प्रत्येकावर देवीचं चित्र लखलखतंय, मागे हात जोडून शेठ, असा फोटो दसऱ्याच्या पेपरात यायला हवा होता. पण फोन मिनिटभराने विझत आणि कुलूप मागत.

“वृंदा, कुलपं काढून टाक,” शेठ म्हणाले. “आणि दिवसभर विझता कामा नयेत असं कर.”

“शेठ, आत लोकांचे रिपोर्ट आहेत.”

“हत्यार म्यानातून काढूनच पूजतात. म्यानात ठेवलेल्या तलवारीला कुणी कुंकू लावतं का?”

“पण दिवसभर गाव येईल प्रसादाला.”

“येऊ दे की. मी स्वतः खुर्ची टाकून बसतो. माझ्या डोळ्यांदेखत एक फोन हलणार नाही. आणि फोन कुणाचे? तुझे का माझे?”

वृंदाला कांचन आठवली. तिच्या आईचे हातही आठवले. आपली नोकरीही आठवली. पुढचा महिना, घरचं भाडं, शेठचा राग, सगळं एका दमात आठवलं. ‘फोन तुमचे, पण आतली माणसं तुमची नाहीत’ हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिने गिळलं आणि बटण दाबलं. अकरा कुलपं एकदम निघाली.

पूजा थाटात झाली. झेंडूच्या माळा, साखरफुटाणे, फोटो. शेठ शब्दाला जागले. सकाळपासून खुर्चीवर बसले, पाणी प्यायलाही उठले नाहीत. बायका येत, फोनांना हळदकुंकू लावत, प्रसाद घेऊन जात. दुपारी एक बाई आल्या. कांचनच्या होणाऱ्या नवऱ्याच्या त्या आत्या. फूल वाहताना त्यांचं बोट नऊ नंबरच्या फोनला लागलं. देवी गेली आणि नावांची यादी उघडली. वर लिहिलं होतं, ‘कोष्टी गल्ली’. आत्याबाईंनी फोन उचलला.

शेठनी ते पाहिलं. “नीट धरा हं ताई,” ते म्हणाले, “काच नवी आहे.”

“धरते की,” आत्याबाई म्हणाल्या आणि कांचनच्या नावावर बोट ठेवलं. वरचा रिपोर्ट वाचला. खालचा वाचला नाही. तेवढी सवड कुणाला होती? फोन जसा होता तसा जागेवर ठेवला, दोनदा नमस्कार केला आणि प्रसाद मागून घेतला.

दसऱ्याला कांचनने दाराला तोरण बांधलं, नवं पातळ नेसली आणि काय बोलायचं ते मनाशी दहा वेळा घोकलं. मास्तर आला नाही. त्याचा चुलता आला. उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, “रोगी मुलगी गळ्यात बांधत होता होय आमच्या? आणि वर लपवून?” साखरपुड्याची अंगठी परत घेऊन गेला. मास्तरने नंतर फोनसुद्धा उचलला नाही. त्याला आजाराचा नसेल, पण लपवाछपवीचा राग आला होता. कांचन लपवणार नव्हती, हे आता त्याला सांगणार कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी कांचन लॅबमध्ये आली. रडून झालं होतं. तिने वृंदाला एवढंच विचारलं, “कुलूप कुणी तोडलं गं?”

“तोडलं नाही,” वृंदा म्हणाली.

“मग?”

“काढलं. मीच काढलं.”

“तू?” कांचनचा आवाज चढला.

आवाज ऐकून शेठ आले. हकिगत ऐकताच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी लगबगीने कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि एकेक फोन बाहेर काढून मोजला. अकरा. एकाही काचेला चरा नव्हता. शेठचा जीव भांड्यात पडला.

“उगाच घाबरवलंस, पोरी,” ते हसून म्हणाले. “आपलं तर काहीच गेलेलं नाही!”

कांचन म्हणाली, “निदान माझं नाव तरी पुसून टाका त्यातून.”

शेठ एकदम गंभीर झाले. “ते नाही जमायचं,” ते म्हणाले. “ती लॅबची माहिती आहे. बाहेरच्या माणसाला आम्ही तिला हात लावू देत नाही.”

कॉम्प्युटर समोरच होता. नाव पुसायला एक बटण पुरत होतं. कांचनने वृंदाकडे पाहिलं. वृंदाने शेठकडे पाहिलं. मग मान खाली घालून तिने कुलपांचं बटण दाबलं आणि अकराही फोनांना पुन्हा कुलपं लावली.

शेठ म्हणाले, “शाब्बास.”

तात्पर्य: फोन मालकाचा असला तरी त्यातलं गुपित ज्याचं त्याचंच असतं. जो नुसता फोन सांभाळतो तो काहीच सांभाळत नाही, आणि धन्याच्या धाकाने जो विश्वासाचं कुलूप काढतो, त्याने ते मागाहून कितीही घट्ट लावलं तरी आत राखण्याजोगं काही उरलेलं नसतं.