महाराजांचा वाटा

रानडुकरं भाताची खाचरं उकरून टाकत, म्हणून करंजगावाला पारधीची मुभा देणारे म्हातारे महाराज युवराजांना गादी सोपवून तीर्थयात्रेला निघाले. निरोपाला सारा गाव लोटला. शिकारीतला पहिला वाटा राजाचा, ही गावची रीत. गावातल्या गोदाक्कानं तो पानात बांधून त्यांच्यापुढे ठेवला.

दिवाणजी गरजले, "उचला ते! महाराज चालले, त्यांचा शब्दही त्यांच्याबरोबर चालला. उद्यापासून जो रानात भाला नेईल, त्याला मी कोठडीत टाकीन!"

लोकांचे चेहरे पडले. गोदाक्का पदर खोचून पुढे झाली.

"दिवाणजी, तुम्हाला दिवाण कुणी केलं?"

"कुणी म्हणजे? महाराजांनीच! भर दरबारात शब्द दिला होता!"

"मग उद्या आम्हाला कोठडीत टाकणारे तुम्ही कोण?"

महाराज पोट धरून हसले. युवराज म्हणाले, "आक्का, पारधीची मुभा कायम. दिवाणगिरीचं मात्र बघावं लागेल."

दिवाणजींनी तो वाटा उचलला आणि स्वतः महाराजांच्या बग्गीत नेऊन ठेवला.

करंजगावात अजूनही पहिला वाटा महाराजांच्याच नावानं निघतो, आणि ज्या घरी चूल पेटलेली नसेल त्या घरी जातो.