जाडी पिन

वस्तूंनाही तोंड होतं, तेव्हाची गोष्ट. प्रमिलाकाकूंनी दुकान पालथं घालून पत्र्याच्या अंगाचा दणकट व्हॅक्यूम क्लीनर निवडला. त्याच्या प्लगला तीन पिना होत्या, दोन सडपातळ आणि एक जाडी.

"वीज आम्ही वाहायची," सडपातळ म्हणायच्या, "आणि या बाईंनी नुसतं बसायचं."

 जाडीतून खरंच कधी काही गेलं नव्हतं.

घरातल्या बोर्डाला भोकं दोनच. बाबूकाकांनी करवत काढली. "जाडी कापतो. दोनावर चालतंय की मशीन."



"पूजेआधी नव्या वस्तूला करवत लावायची नाही," काकू म्हणाल्या. "वायरमनला बोलवा."

वायरमनने तीन भोकांचा बोर्ड बसवला आणि जाडीच्या भोकापासून अर्थिंगची तार थेट जमिनीत नेली.

दसऱ्याला काकूंनी मशीन सुरू केलं, त्याला हळदकुंकू वाहिलं आणि वर सढळ हाताने तांब्यातलं पाणी शिंपडलं. पाणी आत गेलं, वीज पत्र्यात उतरली. काकूंचा हात पत्र्यावरच होता. जाडीने ती वीज अंगावर घेतली आणि जमिनीत सोडून दिली. फ्यूज उडाला, घरातले पंखे थांबले.

"इतके दिवस बसून खाल्लंस," सडपातळ म्हणाल्या, "आणि एकदा हललीस तर सगळ्या घराचं काम बंद पाडलंस."

 असला कसला वायरमन आणलात म्हणून काकू काकांना फैलावर घेत होत्या, ते जाडी समाधानाने ऐकत होती.