मागे न ओढलेला हात

एकदा एक वृद्ध आचार्य खाडीच्या मुखाशी, जिथं गोडं पाणी समुद्राला मिळतं तिथं, आश्रम बांधून राहत होते. त्यांच्या शिष्यांत सुमंत सर्वांत ज्येष्ठ. वादात त्याला निरुत्तर करील असा कोणी त्या पंचक्रोशीत नव्हता. परंतु जिभेइतकंच त्याचं काळीजही खंबीर आहे का, हे अजून कोणी पाहिलं नव्हतं. त्यानं स्वतःही नाही.

आश्रमापासून कोसभरावर एक बंदर होतं आणि त्या बंदरावर एका अधिपतीची सत्ता चाले. त्याच्या जहाजांच्या फळ्यांना चोपडण्यासाठी मुशीच्या काळजाचं तेल लागे. मुशी हा अजस्र मासा. तोंडात करवतीसारख्या दातांच्या रांगा, आणि एका चाव्यात माणसाची मांडी तोडील असा जबडा. समुद्र शांत असला की कोळी तिला गळाला लावून आणीत आणि सुखरूप परतत. पण त्या वर्षी अधिपतीला नवी जहाजं लवकर पाण्यात लोटायची होती. समुद्र खवळलेला असतानाच होड्या काढण्याचा हुकूम सुटला. धाकू नावाचा तरुण कोळी लाटेच्या तडाख्यानं पाण्यात फेकला गेला आणि मुशीनं त्याचा पाय गुडघ्याखालून तोडून नेला. सोबत्यांनी त्याला कसाबसा जिवंत काठावर आणला. हुकूम होता तसाच राहिला.

सुमंत त्या दिवशी बाजारात होता. धाकूला झोळीतून नेताना त्यानं पाहिलं आणि चारचौघांत मोठ्यानं म्हणाला, "तेल अधिपतींच्या जहाजांना हवं आहे, तर मुशी धरायला अधिपतींनीच जावं."

संध्याकाळच्या आत पहारेकरी आश्रमात निरोप घेऊन आला, की उद्या सकाळी अधिपतीच्या वाड्यावर हजर व्हायचं.

वाड्यावरून बोलावणं येणं म्हणजे काय, हे त्या किनाऱ्यावर सर्वांना ठाऊक होतं. आजवर ज्याला ज्याला बोलावणं आलं, तो खाडी ओलांडून पलीकडच्या रानात पसार झाला होता. मागे राहिलेलं त्याचं घर आणि होडी अधिपतीच्या पदरात पडे. वाड्याच्या आत नेमकं काय करतात, हे मात्र कोणी सांगू शकत नसे. म्हणूनच लोक त्याविषयी अधिक भयंकर कल्पना करीत.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सुमंत गाठोडं बांधून आचार्यांच्या पाया पडला. आपण इथून निघून गेलो नाही तर आश्रमावर संकट येईल, असं त्यानं सांगितलं. ते खोटं नव्हतं; पण सांगताना त्याचा आवाज कापत होता, आणि तो आश्रमाच्या काळजीनं कापत नव्हता, हे दोघांनाही कळत होतं. आचार्यांनी त्याला थांबवलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. "खाडीचा उतार पार करून देतो," एवढंच बोलून ते काठी घेऊन निघाले.

ओहोटी लागली होती. उताराला कमरेइतकं पाणी होतं. आचार्य काठीनं तळ चाचपत पुढे, सुमंत मागे. मध्यावर येतात न येतात तोच गढूळ पाण्यातून काहीतरी उसळलं. मगर होती. तिनं आचार्यांचा डावा हात कोपराच्या पुढे जबड्यात धरला.

सुमंतनं गाठोडं टाकलं, आचार्यांना कमरेला मिठी मारली आणि जिवाच्या आकांतानं काठाकडे ओढू लागला. तेव्हा आचार्य कधी नव्हे ते ओरडले, "ओढू नकोस! सोड मला!"

सुमंतची मिठी सुटली. आणि मग त्यानं जे पाहिलं त्यावर त्याचा विश्वास बसेना. आचार्य मागे सरण्याऐवजी मगरीच्या अंगावर गेले. धरलेला हात सोडवण्याऐवजी त्यांनी तो साऱ्या शरीराचा भार देऊन तिच्या घशात आणखी आत घातला, पार खांद्यापर्यंत. क्षणभर दोघंही पाण्याखाली दिसेनासे झाले. मग मगरीनं अंगाला प्रचंड हिसका दिला, जबडा वासला आणि शेपटी आपटत ती खोल पाण्याकडे निघून गेली.

सुमंतनं आचार्यांना काठावर आणलं. हात रक्तानं माखला होता, मनगटाजवळचं मांस उघडं पडलं होतं. आपलं उपरणं फाडून तो जखम बांधू लागला. अखेर त्याला राहवेना. त्यानं विचारलं, की कोणीही शहाणा माणूस हात बाहेर ओढील. आपण तो आत का घातलात?

आचार्य काही वेळ दम खात बसले. मग म्हणाले, "तिचा जबडा कशासाठी घडलाय, ते पाहा. जो मागे ओढतो त्याला धरून ठेवण्यासाठी. जितकं ओढशील तितके दात रुततात, आणि मग ती गिरकी घेऊन हात पिळून काढते. पण तिच्या घशाच्या तोंडाशी मांसाचा एक पडदा असतो. त्याच्या आधारावर ती पाण्यात तोंड उघडू शकते. तो आतून ढकलला की पाणी तिच्याच घशात शिरतं आणि तिला तोंड उघडावं लागतं. सावज इतक्या आत स्वतःहून येईल, याची तयारी तिच्यापाशी नाही."

"आणि तिनं सोडलं नसतं तर?"

"तर हात गेला असता. कदाचित मीही गेलो असतो. मागे ओढला असता तर मात्र नक्कीच गेला असता." त्यांनी बांधलेल्या हाताकडे पाहिलं. "हे मगरीचं झालं. अधिपतीचं तू बघ."

गाठोडं प्रवाहाबरोबर वाहून गेलं होतं. सुमंतनं आचार्यांना आश्रमात पोचवलं आणि ओल्या धोतरानिशी थेट बंदराची वाट धरली.

वाड्याच्या दारावरचा पहारेकरी त्याला पाहून गोंधळला. बोलावल्यावर कोणी आल्याची त्याला आठवणच नव्हती. त्यानं दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्यानं कारभाऱ्याला, आणि शेवटी सुमंतला आतल्या चौकात उभं करण्यात आलं. अधिपती आला तो कपाळाला आठ्या घालूनच. तू अजून इथं कसा, असं त्यानं विचारलं.

"आपण बोलावलंत म्हणून आलो," सुमंत म्हणाला. भीती गेलेली नव्हती. तरीही तो एक पाऊल पुढे सरकला.

अधिपतीनं धमकावलं, की तुलाच होडीत घालून मुशींच्या पाण्यात पाठवतो.

"पाठवा. पण बंदरावरून, भर दिवसा, सर्वांच्या समोर पाठवा. आणि कोणत्या अपराधासाठी पाठवता, ते आपल्याच तोंडानं लोकांना सांगा."

अपराध कोणता, हे अधिपतीलाही सांगता येत नव्हतं. मग त्यानं सुमंतला हाकलून देण्यास फर्मावलं. पहारेकऱ्यांनी त्याला मारलं, ओठ फोडला आणि रस्त्यावर टाकलं. सुमंत उठला आणि पुन्हा आत येऊन चौकात बसला. त्यांनी पुन्हा टाकलं, तो पुन्हा आला. समुद्र निवळेपर्यंत होड्या निघणार नाहीत असं आपण सांगाल, तेव्हाच मी जाईन, असं तो प्रत्येक वेळी म्हणत होता.

एव्हाना बंदरावर बातमी पसरली होती, की बोलावलेला माणूस पळाला नाही, उलट वाड्यात घुसून बसलाय. कोळीवाड्यातून माणसं येऊ लागली. धाकूच्या आईनं उंबरठा ओलांडला आणि ती सुमंतशेजारी जमिनीवर बसली. तिच्यामागून बाकीचे आत आले. दुपार कलेपर्यंत चौकात पाय ठेवायला जागा उरली नाही. पहारेकरीही कोळ्यांचीच पोरं; आपल्या माणसांवर त्यांचा हात उचलेना. सूर्य मावळण्यापूर्वी कारभाऱ्यानं बाहेर येऊन जाहीर केलं, की खवळलेल्या समुद्रात होडी काढण्याची सक्ती उठवली आहे. अधिपती स्वतः बाहेर आला नाही.

सुमंत आश्रमात परतला तेव्हा आचार्य अंगणात बसले होते. सुजलेला ओठ पाहून त्यांनी शेजारी बसायला जागा केली.

सुमंत बसला आणि हळूच म्हणाला, "आचार्य, तो वाडा आतून फार लहान आहे."

आचार्यांनी मान हलवली. बाहेर उभं राहून भ्यायलेल्या माणसाला हे कधीच कळत नाही.