अस्वलाची दाट बिअर

फार पूर्वीची, पण दरबारात खरं बोलणं बंद झाल्यानंतरची ही गोष्ट. एका अस्वलाने आयुष्यात पहिल्यांदाच घरी जवाची बिअर केली आणि सिंहाच्या वाढदिवसाला तिचा माठ नेला. वर सोनेरी बिअर होती, तळाशी यीस्टचा गाळ. आमटी वाढण्याआधी ढवळायची असते, एवढं अस्वलाला ठाऊक होतं. त्याने पळी घातली, तळापासून ढवळलं आणि सगळ्यांना सारखं वाढलं.

सिंहाच्या जिभेला कडवट चिखल चिकटला. पण नावं ठेवली तर महाराजांना बिअरमधलं काही कळत नाही असं दिसलं असतं. म्हणून तो म्हणाला, "वा! काय दाट आहे!"

"चावून प्यावी अशी, महाराज!" कोल्हा म्हणाला. रानडुकराने तर वाटी चाटून पुसली. संध्याकाळी अख्खा दरबार पोट धरून झुडपांमागे बसला होता.

घरी अस्वलीण म्हणाली, "अहो, ती काय आमटी आहे? गाळ तळाशी राहू द्या, माठ हलवू नका आणि वरची निवळ तेवढी अलगद काढा."

पुढच्या खेपेला अस्वलाने काचेसारखी स्वच्छ बिअर नेली.

"पाणी घातलंस!" सिंह गरजला. "पुन्हा असलं आणलंस तर कातडं सोलीन."

"अगदीच पातळ," कोल्हा म्हणाला.

तेव्हापासून अस्वल आणि अस्वलीण वरची बिअर घरी सावकाश पितात आणि खालचा गाळ मोठ्या आदराने दरबारात पाठवतात. तिथे त्याची वाहवा अजून चालू आहे. दरबाराभोवतीची झुडपंही फार जोमात आहेत.