हेराच्या वहाणा

"अजून किती मारू म्हणजे हा खरं बोलेल, बुवा?"

हवालदार सुभानजीने पकडलेल्या हेराला मठाच्या ओट्यावर आणून टाकलं होतं. मनगटाच्या जोरावर काहीही सुटतं, अशी या हवालदाराची पक्की समजूत. पण आज गडी स्वतःच रडकुंडीला आला होता. उद्या शत्रू गावावर चालून येणार होता. वाटा तीन आणि गडावर माणसं चाळीस. अडवली तर एकच वाट अडवता येणार होती.

भैरवगीर बुवांनी डोळे उघडले. भगवी घालण्याआधी माग काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

"काय म्हणाला?"

"सकाळी म्हणाला, करवंदीची खिंड. दुपारी सोनघाट. आता म्हणतो, तुम्ही म्हणाल ती."

"करवंदीचं नाव आधी कुणी काढलं?"



"मीच."

बुवांनी हेराचे पाय मांडीवर घेतले. फटक्यांनी तळव्यांची साल निघाली होती.

"हा जी वाट हेरून आला, तिचे काटे, तिची माती, सगळं इथंच होतं... तू सोलून काढलंस."

 सुभानजीची लेकरं गावातच होती. एकाएकी काहीतरी आठवून तो गडावर धावत सुटला आणि चौकीमागे फेकलेल्या हेराच्या वहाणा घेऊन धापा टाकत परतला.

बुवांनी टाचेच्या शिवणीत नख घातलं. सगळा मुलूख तांबड्या मातीचा. नखावर आली काळी चिकणमाती.

"वाघडोह! काळी माती फक्त तिथंच!" सुभानजी ओरडला.

ही तिसरी वाट. तिचं नाव त्याने हेरापाशी काढलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वाघडोहाच्या चिंचोळ्या वाटेवर चाळीस जणांनी चारशेंना पळता भुई थोडी केली. गावात काडीही जळली नाही.

संध्याकाळी ढोल बडवत सारं गाव मठापुढे लोटलं. सजवलेल्या घोड्यावर गुलालाने माखलेला सुभानजी. काय त्याची ऐट! उडी मारून त्याने बुवांचे पाय धरले.

"जिंकलो, बुवा! आता गावभर मिरवणूक. आशीर्वाद द्या."

बुवा हेराच्या तळव्यांना तेल-हळद लावत होते. त्यांनी मानही वर केली नाही...

"काढ की मिरवणूक. घोड्यावर याला बसव. तुला पाय आहेत."